कोपराखालचा हात

१२ जून

पोरा,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करावी म्हणतात. पण तू कुठे आहेस, काय खातोस, रात्री पाठ कुठे टेकतोस, काहीच कळत नाही, तर आशीर्वाद तरी कुठे पाठवू? फोन तू उचलत नाहीस. पुढे पुढे तो वाजायचाही बंद झाला. हा पत्ता ड्रायव्हरने मिळवला. ड्रायव्हर म्हणजे आपल्या समोरच्या दारातला, बस चालवायचा तो. आता निवृत्त आहे आणि दिवसभर माझ्या सलूनमध्ये फुकटचा पेपर वाचत बसतो. तुझ्या साइटवर सिमेंट पोचवणारा कुणी त्याच्या ओळखीचा निघाला. पत्ता बरोबर असेल तर पत्र तुझ्या हाती पडेल. चुकीचा असेल तर कुणी परका माणूस हे वाचत असेल. त्याला विनंती, की त्याने हे परत पाठवावं.

अक्षर थोरलीचं आहे, शब्द माझे. मला चष्म्यातून ओळ नीट दिसत नाही, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. ती आता माझ्यापेक्षा वरच्या इयत्तेत आहे.

भिंगरीची शाळा सुरू झाली. बालवर्ग. तू गेलास तेव्हा तिला चमचा सरळ धरता येत नव्हता, आता पाठीवर दप्तर आहे. फाटकापाशी बाकीची पोरं गळा काढून रडत होती. ही नाही रडली. मीच रडलो. शिपाईबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हालाच आत बसवू का?" थोरली माझ्या कानात म्हणाली, "नाक पुसा, माझ्या वर्गातल्या मुली बघतायत."

वर्गात बाईंनी विचारलं, घरी कोण काय करतं? भिंगरीने सांगितलं, "माझे आजोबा माणसांना फेस लावतात आणि मग पुसून टाकतात." बाई हसत हसत मला सांगत होत्या. मीही हसलो. मग घरी येईपर्यंत मला काळजी, की पुढे 'बाबा काय करतात' असंही विचारलं असेल, तेव्हा ही काय म्हणाली असेल? विचारायचं धाडस झालं नाही.

तिच्या वेण्या थोरली घालते. सगळा जन्म माझा केस कापण्यात गेला, पण वेणी मला येत नाही. माझी ओळख खाली पडलेल्या केसांशी, वाढणाऱ्या केसांशी नाही. सूनबाई होती तोवर दोघींना पुढ्यात बसवून घालायची, ते बघून थोरली शिकली. भिंगरीचे केस मोकळे सोडले की मागून हुबेहूब सूनबाई. तू जायच्या आधी भिंगरीला न्हायला घातलं की उठून बाहेर जायचास, ते मी बघितलंय. बोललो नाही कधी.

शाळा सुटली की थोरली दुकानात माझ्याजवळ उभी असते. तिला आवडतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, वारस तयार होतोय वाटतं. आम्ही हसलो.

तुझे पैसे खात्यात येतात. पैशांनी वेण्या घातल्या जात नाहीत, एवढंच. एक दिवस ये. सकाळी ये, संध्याकाळी जा. गॅस बंद आहे का बघायचंय, पत्र इथेच थांबवतो.

तुझा बाप

बाबा, आजोबांनी सांगितलं ते सगळं मी लिहिलं. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. भिंगरी परवा ड्रायव्हर आजोबांना बाबा म्हणाली. मी तिला रागावले आणि तुमचा फोटो दाखवला. ती म्हणाली, हा तर पेपरातला माणूस आहे. मग ती सॉरी म्हणाली.


३० जून

पोरा,

उत्तर नाही. पोचलं नसेल असं धरून चालतो. अक्षर याही वेळी थोरलीचंच.

ती सायकल शिकली. ड्रायव्हरने भाड्याची आणली आणि शाळेमागच्या मैदानात नेली. सीट धरून तो मागे पळतोय, वय काय नि पळतोय काय! "धरलंय, धरलंय, पुढे बघ!" असं ओरडत होता आणि हात कधीच सोडून दिले होते. ती कोपऱ्यावर वळली तेव्हा तिला कळलं. वळून बघितलं आणि धाडकन पडली. गुडघा फुटला. तुरटी लावली. ड्रायव्हरला मी चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, "अरे, धरून ठेवून कुणी सायकल शिकलंय का?" पण हाड मोडलं असतं तर? पोरीची जात, उद्या पाय वाकडा राहिला असता तर? याला काय, बस ठोकली तरी पगार मिळायचा.

थोरली म्हणते, हे लिहायला सांगू नका, बाबांना वाटेल मला येत नाही. मला येते, असं सांगा. लिहिलं.

भिंगरीला बुटाची नाडी बांधता येते. एकच गाठ मारते, ती मग कुणालाच सुटत नाही. रात्री बुटासकट झोपायची पाळी येते. तिच्या पायाला जरा लागलं होतं, आता बरं आहे. (थोरली विचारते, "'लागलं होतं' असंच लिहू?" मी म्हटलं, हो, तेच लिही.)

मावशी येऊन गेली. सूनबाईची धाकटी बहीण. भिंगरीला दोन फ्रॉक आणले, थोरलीला कंपासपेटी. भिंगरी तिच्या मांडीवरून उतरेना. मावशीने तिच्या वेण्या सोडल्या, विंचरल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा सोडल्या. म्हणाली, "अगदी ताईचे केस हो, बाबा." आणि तोंडात पदर घातला. थोरली कंपासपेटीतलं एकेक काढून परत जागच्या जागी ठेवत होती.

मग मावशी म्हणाली, मोठ्यांशी थोडं बोलायचंय. मी थोरलीला ब्लेडची पाकिटं आणायला पाठवलं. काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. थोरली विचारते, का नाही? मी म्हटलं, पान संपलं. ती म्हणते, अजून अर्धं आहे.

तुझा बाप


४ जुलै

पोरा,

हे माझ्या हातचं अक्षर आहे. बघूनच कळलं असेल. कोंबडी कागदावरून चालली असं दिसतंय. थोरली शाळेत आहे, दुकानात कुणी नाही, म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. पेनाने कागद फाटतो.

मागची दोन पत्रं मी पोरीकडून लिहवून घेतली. पोरीसमोर सांगता येईल तेवढंच त्यात होतं.

मला ओळ चांगली दिसते. डोळे ठीक आहेत. हात थरथरतो. उजवा. आधी चहाच्या कपात कळायचं, आता सगळ्यांत कळतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, पण हे वाढत जाणार. वस्तरा धरणाऱ्या माणसाला हे सांगतात! मी म्हटलं, डॉक्टर, याच्यापेक्षा पाय नेला असता तरी चाललं असतं. ते म्हणाले, आजोबा, तसं निवडता येत नाही.

थोरलीला दुकानात उभं राहायला आवडतं, असं मी लिहिलं होतं. दाढी करताना ती स्टुलावर चढून माझ्या उजव्या बाजूला उभी राहते. एक तळहात माझ्या कोपराखाली धरते, दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर. तिने धरलं की हात थांबतो. कसा थांबतो देव जाणे. गिऱ्हाइकाला वाटतं, आजोबा नातीला शिकवतायत. कुणी सांगितलं नाही तिला हे. एका माणसाच्या गालाला वस्तरा लागला, त्या दिवशी ती मागे उभी होती. तिनेच स्टूल ओढून आणलं. त्या दिवसापासून हे असं चाललंय. सुट्टीच्या आदल्या दिवशी गर्दी असते, तेव्हा ती शाळेतून मधल्या सुट्टीतच येते. बाईंचा निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण दर आठवड्याला पोट कसं दुखतं? मी म्हटलं, औषध चालू आहे.

आता पायाचं. भिंगरीला लागलं नाही, भाजलं. दुधाचं पातेलं मी उतरवत होतो. ती खाली बसून नाडीची गाठ मारत होती. पातेलं माझ्या हातून गेलं. पोरीची किंकाळी अजून कानात आहे. थोरलीने तिला उचलून नळाखाली धरलं, मी नुसता उभा. डावा पाय, घोट्याच्या वर. डाग राहील म्हणतात. मावशीने बूट काढला आणि तो डाग बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं माझ्या हाताकडे बघितलं. मी हात खिशात घातला.

मग म्हणाली, "बाबा, भिंगरीला मी नेते."

मी म्हटलं, आणि थोरली?

ती म्हणाली, "आमच्याकडे खोल्या दोन. यांचं म्हणणं, एकच. लहान मूल रुजतं हो, मोठं नाही रुजत. आणि थोरली तुमच्या हाताशी आलीय. तुम्हालाही कुणी नको का?"

वाईट बाई नाही ती. स्वतःचं मूल नाही, बहिणीचं ओढतं. बापाने होकार दिल्याशिवाय नेणार नाही, असंही म्हणाली. म्हणून हे तुझ्यावर आलंय, पोरा. माझ्यावर असतं तर मी केव्हाच बोंब मारून नाही म्हटलं असतं. पण नाही म्हटलं तर पुढचं पातेलं कुणावर पडेल? आणि हो म्हटलं तर थोरली कुणाची वेणी घालणार? भिंगरी झोपेत तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरते. ते टोक सोडवायचं कुणी? इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, मला तर आड आणि विहीर एकाच जागी दिसतायत.

आणखी एक विचार येतो. तो आला की मी उठून दुकान झाडायला घेतो, झाडलेलं पुन्हा झाडतो. थोरली इथे राहिली तर माझं दुकान चालतं. मावशीचं बोलणं ऐकलं तेव्हा पोटात खड्डा पडला. पण त्या खड्ड्याच्या तळाशी असंही होतं, की चला, थोरली तरी राहतेय. असला बाप तुझा. असला आजा त्यांचा.

तू ये. येऊन एवढंच म्हण, की दोघी एकत्र राहतील. कुठे राहतील ते नंतर बघू. बापाच्या तोंडून ते निघालं तर मावशीचे यजमानही ऐकतील. ड्रायव्हर म्हणतो, तू भिंगरीच्या केसांना भितोस. त्यात तुला सूनबाई दिसते. मी त्याला म्हटलं, गप्प बस, बस चालव. पण तसं असेल तर डोळे मिटून ये. मी तिच्या डोक्याला रुमाल बांधून ठेवतो.

पेन्सिलीचं टोक मोडलं. थोरली येईल आता.

बाप


२५ जुलै

पोरा,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते थोरलीच्या हातात दिलं. घरातली पत्रं तीच वाचते, वीजबिलापासून सगळी. शाळेत धडा वाचतात तशी मोठ्याने वाचत आली: "मावशी चांगली आहे. तिला जी हवी ती नेऊ दे. मला सध्या यायला जमणार नाही." पूर्णविरामाला थांबून थांबून वाचलं. भिंगरी टाळ्या वाजवत होती, कारण ताई छान वाचते.

मग थोरलीने घडी घातली आणि विचारलं, "आजोबा, 'जी हवी ती' म्हणजे कोण?"

मी म्हटलं, तुझ्या बापाला नीट लिहिता येत नाही, लहानपणापासून असाच.

"म्हणजे भिंगरी," ती म्हणाली.  चहा टाकला. माझ्या कपात अर्धाच ओतला, सांडू नये म्हणून.

तुला शिव्या द्यायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. चार शिव्या लिहून खोडल्या. खाली काय काय झालं ते वाच आणि तूच ठरव.

तुझा होकार मावशीला कळवला, तशी रविवारी ती यायची होती, भिंगरीला न्यायला. यजमानही येणार होते, भाड्याची गाडी घेऊन. मी सकाळपासून भिंगरीचे कपडे पिशवीत भरत होतो. भरायचे, काढायचे. सर्दी झाली तर स्वेटर हवा, पण स्वेटर भरला तर ती थंडीपर्यंत तिकडेच राहणार असं होतं. म्हणून स्वेटर काढायचो. पुन्हा भरायचो. बाहेरच्या खोलीत, म्हणजे दुकानात, पोरींचं खुसुखुसु चाललं होतं. खेळतायत म्हटलं, खेळू दे. आजच्यापुरतं खेळू दे.

गाडी थांबल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आलो. भिंगरी माझ्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड, पाय लटकतायत. डोक्यावर केस नाहीत. म्हणजे आहेत, पण कुठे बोटभर, कुठे तेवढेही नाहीत, उंदराने कुरतडलेल्या ब्रशासारखे. शेजारी थोरली, तिचंही तसंच. फरशीवर दोघींचे केस, काळे नि काळे, कुठले कुणाचे सांगता येणार नाही. भिंगरी आरशात बघून खूश. "आजोबा, मी ताई झाले!"

मावशी दारात. हातात बाहुलीचा खोका. 

थोरलीने कात्री खाली ठेवली. धार आपल्याकडे करून ठेवली, मी शिकवलंय तशी. आणि म्हणाली, "आता आम्ही दोघी सारख्याच आहोत, मावशी. आता कुठली हवी?"

उद्धटपणे नाही रे बोलली. दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

मावशी तिथेच बाकावर बसली. यजमान मागून आले, म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?" ड्रायव्हर पेपरामागून म्हणाला, "पोरांनी केला तर पोरखेळच असणार, साहेब."

मला काही सुचेना. पोरगी अशी कशी पाठवायची, रस्त्यावर लोक हसतील. म्हणून मी म्हटलं, जरा सारखे करून देतो. मशीन उचललं. आणि हात ताब्यातून सुटला. मावशी बघतेय, यजमान बघतायत, आणि मशीन हवेत गुरगुरतंय नि नाचतंय. भिंगरीच्या कानाजवळ नेऊ धजेना. थोरलीने स्टूल ओढलं. चढली. कोपराखाली तळहात, मनगटावर बोटं. रोजच्यासारखं. हात थांबला. आम्ही भिंगरीचं डोकं सारखं केलं, कानामागचं सुद्धा. नंतर थोरली खुर्चीत बसली. तेव्हा धरायला कुणी नव्हतं, तर तिने खुर्चीतूनच हात मागे वर करून माझं मनगट धरलं आणि स्वतःचं डोकं स्वतःच सांभाळलं.

मावशी सगळं आरशातून बघत होती. म्हणाली, "बाबा, हे किती दिवस चाललंय?"

मी म्हटलं, आजच जरा.

भिंगरी म्हणाली, "खोटं! रोज! ताई म्हणजे आजोबांचा हात आहे."

मावशी उठून बाहेर गेली. ओट्यावर नवरा-बायकोची जुंपली. तो म्हणत होता, दोन खोल्या आहेत. ती म्हणत होती, मग एका खोलीत दोन पोरी मावतात आणि दुसरीत तुम्ही मावता का बघा. एकदा तो मोठ्याने म्हणाला, "आणि म्हाताऱ्याचं काय?" तिचं उत्तर ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने आत आली. डोळे लाल. म्हणाली, "दोघींना नेते. शाळेचं बघते, पुढच्या पंधरवड्यात येऊन दोघींना नेते."

माझे हात जोडले गेले. जोडलेले असले की थरथर कमी दिसते.

आणि थोरली म्हणाली, "भिंगरीला न्या. मी नाही येणार."

मावशी म्हणाली, अगं, मघाशी तूच तर... थोरली वळली. माझ्या हाताकडे बघितलं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मी हात खिशात घातला, पण कापड हलत होतं.

तेव्हापासून रोज समजावतोय. रागावून झालं, गोड बोलून झालं. ती ऐकते आणि म्हणते, "दाढ्या कोण करणार?" मी म्हणतो, नको करूया, दुकान बंद करू. म्हणते, "मग तुम्ही दिवसभर काय करणार? ड्रायव्हर आजोबा कुठे बसणार?"  आणि ती गेली नाही तर मावशीचे यजमान लगेच म्हणतील, बघ, एकच येते, मी म्हणत होतो ना. पुन्हा तेच होणार. टोक सोडवावं लागणार.

पोरा, तू केसांना भीत होतास ना? आता केस नाहीत. दोघी न्हाव्याच्या नाती शोभतायत. आता तरी ये. तू आलास आणि तिला म्हणालास, की आजोबांकडे मी बघतो, तर ती जाईल. खोटं म्हण. दुसऱ्या दिवशी परत जा. मी अडवणार नाही, कुणाला सांगणार नाही.

बाप


९ ऑगस्ट

पोरा,

तू आला नाहीस. पंधरवडा उलटला, उद्या मावशी येणार अशी वेळ आली. मग मला जे सुचलं ते मी केलं.

ड्रायव्हरला म्हटलं, मला तुझी मान पाहिजे.

तो म्हणाला, "कापायला की ठेवायला?"

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, तीच तर अडचण आहे. त्याला सगळं सांगितलं. थोरलीसमोर त्याची दाढी करायची, वस्तऱ्याने, तिने हात न धरता. तिला दिसलं पाहिजे की आजोबांचा हात सुधारलाय, गोळ्या लागू पडल्या. तरच ती निघेल. ड्रायव्हरने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "एवढी वर्षं तुझ्या वस्तऱ्याखाली मान दिली. बायकोला सुद्धा इतकी दिली नाही. आज नाही कसं म्हणू? फक्त मिशी सांभाळ, ती बायकोच्या आवडीची होती."

थोरली शाळेतून आली. मी साबण फेसत होतो. ब्रश धरायला सोपा असतो, हललं तरी फेसच होतो. तिने स्टूल घेतलं. मी म्हटलं, राहू दे, आज बघ नुसतं. गोळ्यांनी गुण आलाय. ती स्टुलावर बसली, चढली नाही. भिंगरी तिच्या मांडीवर.

मी कोपर बरगडीला घट्ट दाबलं. मनगट ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकवलं. श्वास धरला. पहिला हात फिरवला, दुसरा फिरवला. ड्रायव्हर मोठमोठ्याने बोलत होता, बस उलटली होती तेव्हाची ती जुनीच गोष्ट, का तर माझ्या हाताचा आवाज... हाताला आवाज नसतो, पण मला येत होता. गालांचं झालं. हनुवटीचं झालं. मग गळा. गळ्याशी त्याने गोष्ट थांबवली. डोळे मिटले. आणि तिथे लागलं. कानाच्या खाली, बोटाच्या पेरभर. मला कळलं, त्याला कळलं. तो तसूभर हलला नाही. नुसता म्हणाला, "वा! काय गार वाटतंय." आणि खांद्यावरचा टॉवेल असा सहज उचलून तिथे दाबून धरला, जणू घाम पुसतोय.

"झाली का गं पोरी, आजोबांची परीक्षा?" त्याने थोरलीला विचारलं.

थोरली उठली. त्याच्या मानेकडे आली नाही. आरशात माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आजोबा, हात छान झाला हं तुमचा."

तेव्हा मला काय वाटलं सांगू? न्हाव्याच्या धंद्याला लागलो त्या पहिल्या दिवसासारखं. फसली, म्हटलं. सुटलो. ती सुटली. ड्रायव्हर टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून घाईघाईने घरी गेला, तुरटी लावायला. म्हटलं, टॉवेल मी नंतर भिजत घालीन.

संध्याकाळी तिने आपली पिशवी भरली. कंपासपेटी, दोघींच्या रिबिनी. म्हटलं, अगं, रिबिनी कशाला, केस कुठे आहेत? म्हणाली, "वाढतील ना."

सकाळी मावशी आली. यजमानांनी स्वतः दोन्ही पिशव्या उचलल्या, एवढं मात्र खरं. भिंगरीने ड्रायव्हरला विचारलं, "मानेवर पट्टी कशाला?" तो म्हणाला, "स्कार्फ आहे तो, गावाला जायच्या लोकांसाठी घातलाय." ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण केस वाढवा, मी आल्यावर वेणी घालीन." बुटाची नाडी तिने स्वतः बांधली होती. तिकडे कुणाला ती गाठ सुटणार आहे, या काळजीत मी पडलो आणि गाडी गेली. नीट हातसुद्धा हलवायचा राहिला. म्हणजे तो हलतच होता. त्यांना वाटलं असेल, आजोबा टाटा करतायत.

दुकानात परत आलो. स्टूल खुर्चीला लागून होतं, ते तसंच ठेवलंय. टॉवेल घ्यायला गेलो, तर खुर्चीच्या पाठीवर नव्हता. बाकीच्या टॉवेलांच्या चळतीत सगळ्यांत खाली होता. धुतलेला. अजून जरा दमट होता. उलगडून बघितलं. रक्ताचा डाग पूर्ण गेला नव्हता, पिवळट राहिला होता. घडी अशी घातली होती, की डाग आतल्या बाजूला यावा.

टॉवेल धुवायचं काम तिचंच असतं. मला सुचलंच नाही बघ.

म्हणजे तिला कळलं होतं. आरशात माझ्याकडे बघून बोलली तेव्हाच कळलं होतं. मी तिच्यासाठी खोटं केलं, तिने ते भिंगरीसाठी खरं मानलं, आणि माझ्यासाठी धुवून, घडी घालून ठेवून गेली. दहा वर्षांची पोर, रे. तिला कुणी शिकवलं हे? मी तर वस्तरा सुद्धा अजून शिकवला नव्हता.

दुकान मी बंद केलंय. ड्रायव्हर सवयीने येऊन बंद दारापुढे पेपर वाचतो. तू माझ्याकडे येऊ नकोस. माझी काळजी करायची वेळ निघून गेली. मावशीचा पत्ता मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलाय, दोनदा लिहिलाय, एक वाचता आला नाही तर दुसरा. तिकडे जा. केस वाढायच्या आत जा, म्हणजे तुला बघवेल. भिंगरी ओळखणार नाही, तिला सांग, की मी पेपरातला माणूस.

थोरली तुला दुसरं काही विचारणार नाही. ती विचारील, आजोबांचा हात कसा आहे?

तू इकडे आला नाहीस, तुला काही ठाऊक नाही. तरी तिला सांग, छान आहे. ती मान डोलवील. तूही डोलव.

तुझा बाप